प्लास्टिक पॅडी: देशाबाहेर घडलेला आयरिश सण

(या भागाचा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून थोडं सावरलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आज एका शिवीपासून सुरुवात करू. घाबरू नका, घरच्यांसमोर ऐकता येईल अशी आहे. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये एक शब्द वापरतात, 'प्लास्टिक पॅडी'. पॅडी म्हणजे पॅट्रिकचं घरगुती रूप, आपल्याकडे पांडुरंगाचा पांडू होतो तसं. कुठल्याही आयरिश माणसाला चिडवायचं असलं की त्याला सरसकट पॅडी म्हणायचे. आणि प्लास्टिक पॅडी म्हणजे नकली आयरिश. जन्म बोस्टनचा नाहीतर लिव्हरपूलचा, आयर्लंड कधी बघितलेलं असेल-नसेल, पण १७ मार्च उजाडला की हिरवा टी-शर्ट, हिरवी टोपी आणि 'आम्ही आयरिश!'

हा टोमणा आपल्याही ओळखीचा आहे की नाही? न्यू जर्सीतल्या गणपतीचे फोटो फॅमिली ग्रुपवर आले की कुणीतरी काका म्हणतातच, "तिकडचं काय, सगळं वीकेंडला आणि सगळं फोटोसाठी."

तर आजचा प्रश्न हाच. देश सोडून गेलेल्या माणसाचा सण खरा की नकली? या प्रश्नासाठी आयरिश लोकांइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. कारण त्यांच्या सगळ्यात मोठ्या सणाची गोष्ट उलटी आहे. तो घरी साधासुधा होता, बाहेर मोठा झाला आणि मग बाहेरून घरी परत आला.

घरचा सण कसा होता?

आधी हे सेंट पॅट्रिक कोण, ते बघू. पाचव्या शतकातले ख्रिस्ती धर्मप्रसारक. आयर्लंडचे संत, पण जन्मानं आयरिश नव्हते! रोमन अमलाखालच्या ब्रिटनमध्ये वाढलेला हा मुलगा. सोळाव्या वर्षाच्या आसपास त्याला लुटारूंनी पळवलं आणि आयर्लंडमध्ये गुलाम केलं. तिथं तो गुरं-मेंढरं राखायचा. सहाएक वर्षांनी तो निसटला, घरी पोचला, आणि पुढे स्वतःहून त्याच देशात परत गेला. आयर्लंडचा राष्ट्रीय संतच मुळात बाहेरून आलेला माणूस होता, हे डोक्यात ठेवा. पुढे लागेल.

१७ मार्च ही त्यांची पुण्यतिथी मानतात. शॅमरॉक नावाचं तीन पानांचं छोटं रोप छातीला लावतात. आख्यायिका अशी, की पॅट्रिक यांनी ते दाखवून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच देवाची तीन रूपं समजावली. बेलाचं पान डोळ्यासमोर आणा, म्हणजे हे लगेच पटेल.

पण साजरं करायचं म्हणजे काय? चर्चमध्ये प्रार्थना, घरी बरंसं जेवण. त्यात हा दिवस येतो लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत. आयर्लंडमध्ये त्याची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली १९०३ साली. आणि पुढे कित्येक दशकं या दिवशी तिथले पब कायद्यानं बंद असायचे. पुन्हा सांगतो, पब बंद! आज जगभर ज्या दिवशी पबबाहेर रांगा लागतात, तो दिवस आयर्लंडमध्ये ड्राय डे होता.

मग परेड, बॅंड, हिरवा रंग, हा सगळा गाजावाजा आला कुठून?

परेड आधी बाहेर निघाली

सेंट पॅट्रिक यांच्या नावानं मिरवणूक निघाल्याची सगळ्यात जुनी नोंद सापडते ती फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिन या गावात, १६०१ साली. तेव्हा ते स्पेनच्या ताब्यातलं गाव होतं आणि तिथं एक आयरिश धर्मगुरू होते. नोंद कशात सापडली, तर दारूगोळ्याच्या हिशेबात. सणाला तोफा उडवल्या, त्याचा खर्च कुणीतरी इमानानं लिहून ठेवला होता.

बोस्टनमध्ये १७३७ साली १७ मार्चलाच आयरिश लोकांनी एक मदत मंडळ काढलं. नव्यानं आलेल्या, अडचणीतल्या आयरिश माणसाला हात द्यायचा हा हेतू. आणि १७६२ साली न्यूयॉर्कमध्ये परेड निघाली. काढली कुणी? ब्रिटिश सैन्यात नोकरी करणाऱ्या आयरिश शिपायांनी. गंमत बघा, ज्या सत्तेनं आयर्लंड ताब्यात ठेवलं होतं तिच्याच गणवेशातली ही पोरं घरापासून हजारो मैल दूर रस्त्यावर उतरली आणि आपल्या संताच्या नावानं चालली. अमेरिका हा स्वतंत्र देश झाला तो त्यानंतर, १७७६ मध्ये.

म्हणजे परेडचं बी लष्करी छावणीतलं आहे. गावात आपण आयरिश आहोत हे कुणाला सांगायची गरजच नसते, सगळेच आयरिश असतात. परक्या शहरात ते सांगावं लागतं. म्हणून तिथं मिरवणूक लागते.

बटाटा, जहाज आणि जिवंतपणी झालेली उत्तरक्रिया

पण शे-दोनशे शिपायांची मिरवणूक लाखोंची झाली ती एका भयंकर गोष्टीमुळे.

१८४१ च्या जनगणनेत आयर्लंड बेटाची लोकसंख्या होती सुमारे ८२ लाख. गरीब शेतमजूर जवळपास पूर्णपणे बटाट्यावर जगत होते. थोड्या जमिनीत पोट भरणारं तेच एक पीक. १८४५ साली पिकावर करपा पडला, एक बुरशीसारखा रोग. शेतातला बटाटा काळा पडून सडायचा. हे एका वर्षात संपलं नाही. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसं भुकेनं आणि तापानं मेली आणि १० लाखांहून जास्त देश सोडून गेली. या काळात आयर्लंडमधून धान्य आणि जनावरं बाहेर विकली जातच होती. म्हणून आजही तिथं 'हा दुष्काळ निसर्गानं आणला की राज्यकर्त्यांनी' हा वाद लोक पोटतिडकीनं घालतात.

एक आकडा ऐका. उत्तर आणि दक्षिण मिळून त्या अख्ख्या बेटाची लोकसंख्या आजही १८४१ एवढी झालेली नाही. पावणेदोनशे वर्षं होऊन गेली.

जाणारे जहाजानं जायचे. त्या जहाजांना नाव पडलं होतं 'शवपेट्या', इतके लोक वाटेत मरायचे. कॅनडात क्यूबेकजवळ ग्रोस ईल नावाचं बेट आहे, तिथं आलेल्यांना विलगीकरणात ठेवायचे. एकट्या १८४७ साली तिथं ५ हजारांहून जास्त लोक पुरले गेले. अनाथ झालेली पोरं आसपासच्या फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबांनी घरात घेतली. आडनाव आयरिश आणि घरात भाषा फ्रेंच, अशी माणसं क्यूबेकमध्ये भेटतात ती यामुळे.

आणि या काळातली एक प्रथा मला सगळ्यात जास्त हलवून जाते. तिला म्हणत 'अमेरिकन वेक'. वेक म्हणजे घरात मयत झाल्यावर त्याच्या उशाशी रात्र जागवणं. आयर्लंडमध्ये त्याला नातेवाईक, शेजारी जमतात, आठवणी निघतात, खाणं-पिणंही होतं. आता घरातला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघाली की आदल्या रात्री हेच सगळं करायचे. शेजारी जमायचे, गाणी व्हायची, नाच व्हायचा आणि पहाटे आई हंबरडा फोडायची, मेलेल्यासाठी फोडतात तसा. माणूस जिवंत, समोर उभा, हातात गाठोडं. पण सगळ्यांना ठाऊक की हा आता परत दिसायचा नाही.

आज आपण एअरपोर्टवर डोळे पुसतो आणि मुलगा सिक्युरिटीच्या पलीकडे गेला की लगेच व्हिडिओ कॉल लावतो. त्या माणसांकडे एक पत्र होतं, तेही महिन्यांनी येणारं. कधी त्यात पैसे असायचे, पुढच्या भावंडाच्या तिकिटाचे. एक गेला की तो दुसऱ्याला ओढायचा, दुसरा तिसऱ्याला.

रस्त्यावर उतरायचं कारण

बरं, पोचल्यावर स्वागत झालं का? अजिबात नाही. अमेरिकेत तेव्हा प्रोटेस्टंट लोकांचं वजन होतं आणि हे आलेले बहुतेक गरीब कॅथलिक. १८४४ मध्ये, म्हणजे दुष्काळाच्याही आधी, फिलाडेल्फियात दंगली झाल्या, कॅथलिक चर्चेस जाळली गेली. नोकरीच्या जाहिरातींत 'आयरिश लोकांनी अर्ज करू नये' असं छापलेलं असायचं. तेव्हाचे नावाजलेले व्यंगचित्रकार थॉमस नास्ट आयरिश माणसाला माकडाच्या तोंडाचा, दारूच्या नशेतला दाखवायचे.

आता या पार्श्वभूमीवर परेड डोळ्यासमोर आणा. वर्षभर ज्यांना खाली मान घालून कालवे खणायचे, विटा वाहायच्या, मोठ्या लोकांच्या घरी धुणीभांडी करायची, ते वर्षातून एक दिवस धुतलेले कपडे घालून, बॅंड लावून, शहराच्या मधोमध चालतात. गरीब माणसाकडे दाखवायला एकच गोष्ट असते, संख्या. 'मोजा आम्हाला,' असं त्यांनी सांगितलं. आणि राजकारण्यांनी मोजलं. पुढे शहरांच्या पोलिसात, अग्निशमन दलात, पालिकेत आयरिश माणूस दिसायला लागला, त्यामागे ही एकजूट होती. न्यूयॉर्कच्या परेडचा मान आजही ६९व्या रेजिमेंटला असतो. ही आयरिश स्थलांतरितांची पलटण, १८५१ पासून तीच पुढे चालते.

१९६० मध्ये जॉन केनेडी अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यांचे पणजोबा दुष्काळाच्या काळात वेक्सफर्ड परगण्यातून निघाले होते. गाठोडं घेऊन निघालेल्या माणसाचा पणतू व्हाइट हाउसमध्ये.

तेव्हा 'हे लोक एवढा हिरवा रंग फासून का नाचतात' असं वाटलं तर एवढं लक्षात ठेवा. त्या नाचाच्या मुळाशी अपमान आहे.

ताटातलं सगळं शेजाऱ्यांकडून

आता जरा हलकं बोलू. जेवणाकडे वळू.

अमेरिकेत सेंट पॅट्रिक्स डेला खास जेवण कुठलं? कॉर्न्ड बीफ आणि कोबी. कॉर्न म्हणजे इथं मका नव्हे बरं का, जाड्या मिठाचे खडे. मिठात मुरवलेलं गोमांस. अमेरिकेत कुणालाही विचारा, तो सांगेल की हे अस्सल आयरिश.

पण आयर्लंडमधल्या गरिबाच्या घरी गोमांस शिजायचं कुठे? कॉर्क शहरातून खारवलेलं गोमांस पिंपं भरभरून परदेशी जायचं, पण ते बनवणाऱ्याला परवडायचं नाही. घरी सणासुदीला असायचं ते डुकराचं खारवलेलं मांस आणि कोबी. न्यूयॉर्कला आल्यावर बघतात तर डुकराचं मांस महाग आणि शेजारच्या गल्लीत ज्यू खाटकाकडे ब्रिस्केट, म्हणजे जनावराच्या छातीकडचं मांस, स्वस्त. ज्यू लोक डुक्कर खात नाहीत, त्यामुळे त्यांच्या दुकानात हेच. आयरिश बायकांनी तेच घेतलं, कोबीसोबत शिजवलं. झालं 'पारंपरिक आयरिश जेवण'!

म्हणजे एका स्थलांतरित जमातीचा सण दुसऱ्या स्थलांतरित जमातीच्या दुकानातल्या मांसावर उभा राहिला. हे नकली म्हणायचं का? त्या बाईला विचारा, जिला पहिल्यांदा सणाच्या दिवशी मुलांच्या ताटात मांस वाढता आलं.

हॅलोविनचंही तसंच. मूळ सण साउइन. ३१ ऑक्टोबरच्या रात्री सुगीचे दिवस संपतात, अंधाराचे सुरू होतात, आणि मेलेल्यांचे आत्मे फिरतात असं मानायचे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सलगम कोरून त्याचा भेसूर चेहऱ्याचा दिवा करायचे. सलगम म्हणजे कडक कंद, कोरताना हात दुखून येतो. अमेरिकेत पोचल्यावर मिळाला भोपळा. मोठा, मऊ, आतून निम्मा पोकळ. बस, सलगम गेला, भोपळा आला. आज आयर्लंडमधली मुलंसुद्धा भोपळाच कोरतात. जुन्या सलगमच्या दिव्याचा एक नमुना मेयो परगण्यातल्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलाय. फोटो शोधून बघा, पण रात्री एकटे असताना नको.

आणि शिकागोची हिरवी नदी? रील्समध्ये बघितली असेलच. ती प्रथा १९६२ सालची. शहरातले प्लंबर नदीत सांडपाणी कुठून मिसळतंय हे शोधायला रंग वापरायचे. एकाचे कपडे त्या रंगानं हिरवेगार झालेले बघून त्यांच्या संघटनेच्या प्रमुखाच्या डोक्यात कल्पना आली, की अख्खी नदीच हिरवी केली तर? पहिल्या वर्षी रंग एवढा ओतला की नदी आठवडाभर हिरवी राहिली. आता अंदाज आलाय, काही तासच टिकते. म्हणजे प्राचीन वारसा वगैरे काही नाही, गटारांचं काम करणाऱ्यांची आयडिया. पण साठ वर्षं लोक दरवर्षी पुलावर जमतात. परंपरा अशीच तर सुरू होते.

त्याच दिवशी, दुसऱ्या बाजूनं

आता एक गोष्ट सांगतो जी या उत्सवात सहसा कुणी सांगत नाही.

कॅरिबियन समुद्रात मॉन्टसेराट नावाचं चिमुकलं बेट आहे. आयर्लंडबाहेर सेंट पॅट्रिक्स डेची सार्वजनिक सुट्टी असणाऱ्या मोजक्या ठिकाणांपैकी एक. पासपोर्टवर तिथं शिक्का मारतात तो शॅमरॉकच्या आकाराचा. गावांची आणि माणसांची नावं आयरिश. आणि माणसं बहुतेक आफ्रिकी वंशाची.

हे कसं? सतराव्या शतकात आयरिश लोक इथं आले. काही करारानं बांधलेले मजूर, काही छळाला कंटाळलेले कॅथलिक. पण हळूहळू त्यातलेच काही उसाच्या मळ्यांचे मालक झाले, आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचेही मालक झाले. म्हणजे घरी ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्यातल्याच काहींनी बाहेर जाऊन दुसऱ्यांवर तो केला.

१७ मार्च १७६८. गुलामांनी उठाव ठरवला. दिवस मुद्दाम निवडला, कारण मालक लोक सणाच्या दारूत असणार. पण बेत फुटला. म्होरक्यांना ठार मारलं गेलं.

१९८५ पासून मॉन्टसेराटमध्ये १७ मार्चला सुट्टी असते. ती संत पॅट्रिक यांच्यासाठीही असते आणि त्या उठावातल्या माणसांसाठीही. १९९५ मध्ये तिथला ज्वालामुखी जागा झाला, राजधानी प्लिमथ राखेखाली गाडली गेली, बहुतांश लोक ब्रिटनला आणि इतरत्र गेले. आता मार्चमधल्या या सणाच्या दिवसांत तेच लोक बेटावर परत येतात. म्हणजे तेही आता देशाबाहेरचेच झाले.

वारसा साजरा करायचा तर हिशेबाची दोन्ही पानं उघडावी लागतात. आपल्या आजोबांनी सोसलं ते आणि आपल्या आजोबांनी दुसऱ्याला सोसायला लावलं तेही. मॉन्टसेराटचे लोक ते एकाच दिवसात करतात. मला तर हा जगातला सगळ्यात प्रामाणिक सेंट पॅट्रिक्स डे वाटतो.

गोठलेला सण

बाहेर साजऱ्या होणाऱ्या सणाला एक रोग लागू शकतो. तो म्हणजे गोठण्याचा.

आपण देश सोडतो तेव्हा त्या दिवसाचा देश मनात घेऊन जातो. मागे देश पुढे सरकत राहतो. मनातला मात्र तिथंच थांबतो. न्यूयॉर्कच्या परेडमध्ये नेमकं हे झालं. समलिंगी आयरिश लोकांना आपल्या फलकाखाली चालायची परवानगी आयोजक देईनात. १९९१ मध्ये अशा एका गटाला दुसऱ्या पथकाबरोबर चालता आलं, महापौर डेव्हिड डिंकिन्स त्यांच्यासोबत चालले, तर गर्दीतून बिअरचे कॅन फेकले गेले. पुढची पंचवीसेक वर्षं भांडण चाललं. म्हणणं काय, तर 'हे आपल्या परंपरेत बसत नाही.'

आणि इकडे, जिथली ती परंपरा, त्या आयर्लंडमध्ये काय झालं? १९९३ मध्ये समलैंगिकता गुन्हा राहिली नाही. २०१५ च्या मे महिन्यात जनतेचं सार्वमत घेतलं गेलं आणि ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाच्या बाजूनं मत दिलं. देश बदलला, देशाच्या नावानं चालणारी परेड मागे राहिली. अखेर २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आयरिश समलिंगींचा गट आपल्या फलकासह चालला.

आता यात आपला माणूस येतो. १७ मार्च २०१८, न्यूयॉर्कचा फिफ्थ अव्हेन्यू. परेडमध्ये आयर्लंडचे पंतप्रधान चालतायत, सोबत त्यांचा जोडीदार, एक पुरुष. पंतप्रधानांचं नाव लिओ वराडकर. हो, वराडकर. वडील अशोक वराडकर मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातलं वराड. आई आयरिश नर्स. दोघं इंग्लंडमध्ये भेटले, मग आयर्लंडला गेले. लिओ जन्मले डब्लिनमध्ये, १९७९ साली. २०१९ च्या डिसेंबरात ते पंतप्रधान असताना कुटुंबासह वराडला येऊन गेले, तेव्हाच्या बातम्या आठवत असतील.

अजून एक प्रथा आहे. १९५२ मध्ये आयरिश राजदूतानं अमेरिकेच्या अध्यक्षांसाठी शॅमरॉकची छोटी पेटी पाठवली होती. पुढे तिचा रिवाज झाला, आणि आता सेंट पॅट्रिक्स डेच्या सुमाराला आयरिश पंतप्रधान स्वतः व्हाइट हाउसमध्ये जाऊन शॅमरॉकनं भरलेलं काचेचं भांडं देतात. वराडकरांनी ते ट्रम्प यांना दिलं, बायडन यांनाही दिलं. कोकणातून निघालेल्या एका डॉक्टरच्या मुलानं आयर्लंडच्या वतीनं शॅमरॉक दिला. आता सांगा, यातला प्लास्टिक पॅडी कोण?

परत घरी

आणि डब्लिनचं काय झालं? तिथली परेड बराच काळ साधीच असायची. अमेरिकेतून बॅंडपथकं यायची आणि तिथं वाजवायची. मग सरकारनं ठरवलं की जगभर आपल्या नावानं एवढं चालतंय तर आपणही मोठं करू. १९९६ पासून डब्लिनमध्ये सेंट पॅट्रिक्स फेस्टिव्हल सुरू झाला. बाहेरच्यांनी वाढवलेला सण अशा रीतीनं घरी आला.

आज तो साजरा करणाऱ्यांमध्ये नवे लोक आहेत. ज्या देशातून माणसं फक्त बाहेरच जायची, तिथं आता माणसं येतायत. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ४५ हजारांहून जास्त भारतीय नागरिक राहत होते. पोलंड आणि ब्रिटनच्या खालोखाल तिसरा नंबर. तुमच्यापैकी कुणाचे मित्र तिथं शिकत असतील, कुणी हॉस्पिटलमध्ये असेल, कुणी आयटीत. २०२३ पासून तिथं एक नवी सुट्टीही आलीय, संत ब्रिजिड यांच्या नावानं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. बाईच्या नावाची तिथली ही पहिलीच सार्वजनिक सुट्टी. म्हणजे परंपरा अजून घडतेच आहे.

एक गोष्ट मात्र परत आली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय हा भाग संपवता येणार नाही. भाषा.

दुष्काळात सगळ्यात जास्त उजाड झाला पश्चिमेचा भाग, जिथं आयरिश भाषा बोलली जायची. उरलेल्या आईबापांनी विचार केला, पोरं परदेशी जाणार, तिथं इंग्रजीच लागणार. घरात इंग्रजी आली. अमेरिकेत तर दोन-तीन पिढ्यांत भाषा गेलीच. आज आयर्लंडमध्ये शाळेत ती सक्तीनं शिकवतात, सरकारी पाट्या दोन्ही भाषांत असतात. पण २०२२ च्या जनगणनेनुसार शाळा-कॉलेजबाहेर रोज आयरिश बोलणारे उरलेत सुमारे ७२ हजार. देशाची लोकसंख्या ५१ लाखांवर.

सण जहाजात बसतो, विमानात बसतो. त्याला एक दिवस पुरतो. भाषेला रोज लागतं. हिरवी टोपी वर्षातून एकदा घालता येते, भाषा वर्षातून एकदा बोलून जगत नाही.

तर मग, खरा की नकली?

मला वाटतं, प्रश्नच बदलू या. परदेशातला सण बघितला की तीन गोष्टी विचारा. एक, हा सण कुणाला आधार देतोय? बोस्टनच्या मंडळानं १७३७ मध्ये हेच काम सुरू केलं होतं. दोन, दारात कुणाला अडवतोय? आणि तीन, सणाच्या नावाखाली काय निसटून जातंय, ज्याकडे ढोल वाजत असताना आपलं लक्ष नाही?

सण कुठं साजरा होतो, वीकेंडला होतो की तिथीला, सलगम आहे की भोपळा, हे सगळं दुय्यम आहे. ज्या दिवशी आपण परक्या गावात दिवा लावतो, त्या दिवशी शेजारचा एक नवा, एकटा पोरगा दार वाजवेल. तो कुठल्याही देशाचा असेल. त्याला आत घ्यायचं की नाही, एवढंच ठरवायचं असतं. आयरिश लोकांचा संतही बाहेरूनच आला होता, आठवतंय ना?

तुम्ही किंवा तुमचं कुणी देशाबाहेर सण साजरा करत असाल तर मला व्हॉइस नोट पाठवा. काय बदललं, काय टिकलं आणि शेजाऱ्यांकडून काय घेतलं, हे तिन्ही सांगा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवतो.

आणि ज्या काकांनी 'सगळं फोटोसाठी' म्हटलं होतं, त्यांना हा भाग फॉरवर्ड करायला विसरू नका. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!